बाबांच्या जर्मन जगचा (मातीच्या भांड्याचा) कारखाना शोधून देणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या एकटीच्या पत्त्यावर न टाकता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. शिवाय कितीतरी मराठी घरांच्या शोकेसमध्ये युरोपातून आलेली एखादी फुलदाणी वर्षानुवर्षं उभी असते आणि ती कुणाच्या हातची, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, ते त्यांनाही कळावं.

वस्तू लहानशीच. एका कानाचा नारिंगी जग, अंगावर काळ्या-तपकिरी ग्लेझचा, म्हणजे भट्टीत काचेसारखा होणाऱ्या लेपाचा, जाड, खरखरीत पट्टा. बाबा १९७३ मध्ये कंपनीच्या ट्रेनिंगसाठी पश्चिम जर्मनीत गेले होते, पुढच्या वर्षी परतताना तो घेऊन आले. आई त्यात निशिगंध ठेवायची. बाबा गेल्यानंतर आम्हा भावंडांना एकदम वाटायला लागलं की हा जग कुणी बनवला ते कळलंच पाहिजे. बुडाला कारखान्याचं नाव नाही. 'डब्ल्यू. जर्मनी' आणि '४१४-१६', बस. पुण्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने हातात घेताक्षणी 'रूशा' म्हणून सांगितलं, दुसऱ्याने तितक्याच खात्रीने 'बाय'. हे दोन्ही पश्चिम जर्मनीतले नावाजलेले कारखाने. मग आतेबहिणीने तुमचा नंबर दिला.

फ्रँकफर्टजवळ चाळीसेक वर्षं राहिलेल्या, जन्मभर चाकावर माती फिरवलेल्या तुम्ही एका नजरेत नाव सांगाल असं मला वाटलं होतं. तुमचं पहिलं वाक्य मात्र "नाव नंतर, आधी बूड दाखव" असं होतं. मी समोरून फोटो पाठवला, तो तुम्ही परत केलात. खोलीतला दिवा बंद कर, टॉर्च बुडाच्या पातळीला आडवी धर आणि मग काढ, म्हणालात. तसं केलं आणि इतके दिवस पुसट दिसणारे आकडे सावलीमुळे उठून आले. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायला लावलीत, लहानपणी आम्ही नाण्यांचे छाप घ्यायचो तशी. चारनंतरची आडवी रेघ तेव्हा कुठे नीट दिसली, आणि तो चार आहे, नऊ नाही, हे ठरलं.

मग एकेक खूण तुम्ही वाचून दाखवलीत. पश्चिम जर्मनी हा देश १९४९ मध्ये झाला आणि १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले, म्हणजे 'डब्ल्यू. जर्मनी' या दोन शब्दांनीच काळाला दोन कुंपणं पडली. पहिला आकडा आकाराचा, म्हणजे फॉर्मचा, आणि दुसरा उंचीचा. मला पट्टी घेऊन मोजायला लावलंत. भरली बरोबर सोळा सेंटिमीटर. हे आकडे कुणी हाताने कोरलेले नसतात, ते प्लास्टरच्या साच्यातच असतात. साच्यात पातळ माती ओततात, प्लास्टर पाणी शोषून घेतं, भिंतीला पुरेसा थर धरला की उरलेली माती ओतून टाकतात. कानाच्या खालून गेलेली बारीकशी शीव, जिला मी तडा समजून जपत होते, ती साच्याच्या दोन भागांची सांध निघाली. आणि बुडाच्या कडेला जिथे ग्लेझ पोचलं नव्हतं, तिथली माती तुम्ही ओल्या ब्रशने स्वच्छ करायला सांगितलीत. ती पांढुरकी होती, विटकरी नव्हती. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. त्या "हं"मध्ये किती काय होतं, ते मला नंतर कळलं.

दुकानदारांना तुम्ही नावं ठेवली नाहीत. बॉनजवळच्या राइनबाखच्या रूशा कारखान्यात ओटो गेरहार्ट्स यांनी १९५९ मध्ये 'वुल्कानो' हे ग्लेझ काढलं, त्याचा एवढा गवगवा झाला की खडबडीत ग्लेझ दिसलं की लोकांच्या तोंडी रूशा येणारच, म्हणालात. बाय कारखाना बऱ्याचदा आपलं नाव बुडातच घालायचा, आपल्या जगवर ते नाही. मग क्लाइनहॉयबाख गावचा शॉयरिश कारखाना उरतो, कारण त्याची माती अशीच पांढुरकी असायची आणि तो बुडाला नुसता देश आणि आकडे घालायचा, नाव असायचं ते वर चिकटवलेल्या चकचकीत लेबलवर. लेबल गेलं की नाव गेलं. जगच्या पोटावर एक छोटा चौकोन आहे, बाकीच्या अंगापेक्षा किंचित जास्त तकतकीत. आईने कितीदा तरी पुसला असेल तो. तुम्ही फोटोत बोट ठेवून विचारलंत, "इथे काही चिकटलेलं होतं का?"

एवढ्यावर कुणीही शॉयरिश म्हणून मोकळं झालं असतं. तुम्ही नाही झालात, कारण फॉर्म आणि उंचीचे आकडे घालायची ही पद्धत आणखीही काही कारखान्यांत होती. तुम्हाला तोच जग, लेबलसकट, डोळ्यांनी बघायचा होता. मेन नदीकाठच्या शनिवारच्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, गुडघे दुखत असताना, तुम्ही टेबलामागून टेबलं पालथी घातलीत. आणि एका सकाळी फोटो आला: तसाच कान, मानेला चिकटतो तिथला तसाच वळसा, बुडाला ४१४-१६, आणि पोटावर शॉयरिशचं लेबल शाबूत. रंग वेगळा, निळा. एकच आकार हे लोक कितीतरी ग्लेझमध्ये काढायचे, त्यामुळे रंगावरून नाही, आकारावरूनच ओळखायचं, असं तुम्ही आधीच बजावलं होतं. त्या विक्रेत्याला सांगून लेबलच्या चौकोनाची मापं घेतलीत. आमच्या तकतकीत चौकोनाशी ती जुळली तेव्हा मी ऑफिसमध्ये होते. उठून बाहेर गॅलरीत गेले आणि भावाला फोन लावला. दोघांनाही बोलायला सुचेना.

नंतर शॉयरिशबद्दल तुम्ही सांगितलंत ते मी दोनदा ऐकलं. १९२८ मध्ये आलोइस शॉयरिश यांनी सुरू केलेला धंदा, पुढे पश्चिम जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या सिरॅमिक कारखान्यांपैकी एक झाला, आजही कुंड्या बनवतो. त्यांच्या अनेक आकारांमागे हाइन्झ झीरी यांचा हात. तो खडबडीत थर कसा येतो तेही: ग्लेझमध्ये सिलिकॉन कार्बाइड घातलं की भट्टीच्या आचेत त्यातून वायू सुटतो, ग्लेझला बुडबुडे येतात, फुटतात आणि तसेच थिजतात. बोटाला लागणारा एकेक खड्डा म्हणजे फुटलेला बुडबुडा. आता जग पुसताना हात तिथे रेंगाळतोच. आणि त्या काळच्या भडक नारिंगीत बऱ्याचदा कॅडमियम असतं, तेव्हा त्यात सरबत-पाणी ठेवू नको, फुलंच ठेव, ही ताकीद पाळते आहे.

किमतीबद्दलही तुम्ही सरळ बोललात. कारखान्यात साच्यातून ढिगाने निघालेला माल, अजूनही बाजारात सहज मिळतो, फार पैसे येणार नाहीत. काकू, मला याचा केवढा आनंद झाला म्हणून सांगू! बाबांना तिथे स्टायपेंड मिळायचा, त्यातले पैसे ते घरी पाठवायचे. दुर्मीळ, महागडी वस्तू असती तर ती त्यांनी कशी घेतली हे कोडंच राहिलं असतं. साध्या माणसांनी साध्या घरात ठेवावा म्हणून बनवलेला जग त्यांनी आपल्या खिशाला परवडेल तसा, आईसाठी निवडला. हे तुमच्यामुळे कळलं, आणि त्यासाठी मी तुमची ऋणी आहे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे जगात ठेवायला चिठ्ठी लिहिली आहे: 'शॉयरिश, क्लाइनहॉयबाख, पश्चिम जर्मनी. फॉर्म ४१४, उंची १६ सेंमी. १९७४ किंवा त्याआधी. कारखाना आकार, माती आणि लेबलच्या खुणेवरून ठरवला.' खाली ओळखणाऱ्याचं नाव घालायचं आहे. तुमचं पूर्ण नाव कसं लिहू, तेवढं कळवा. आणि "नको" म्हणू नका.

तुमची,
पुण्याहून, निशिगंधवाल्या जगची मालकीण