सेलेस अजून बेटावरच आहे

रामबाग, इंदूर
रविवार, रात्री उशिरा

प्रिय शिल्पे,

हे फोनवर सांगायला गेले असते तर तू मध्येच बोलली असतीस आणि खरा मुद्दा राहून गेला असता, म्हणून लिहायलाच बसले. घरात कुणाला सांगून उपयोग नाही. यांना सांगितलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे अभ्यास करत नाहीये का ती?" दादा म्हणाला, "नेटवर बघ ना भिया, सगळं लिहिलेलं असतं." तेव्हा तूच उरलीस.

माझी चिऊ खेळातल्या त्या बेटावर पोचली आहे. म्हातारा सिड खाटेवर पडलाय, नायिका सेलेस त्याच्याजवळ उभी आहे, आणि चिऊने स्विच, म्हणजे व्हिडिओ गेमचं यंत्र, बंद करून कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवून दिलंय. परत हात लावायला तयार नाही.

बाकी आमच्याकडे ठीक. बाबांचा खोकला पावसाळ्यापासून आहे, औषध बदललंय. आईची शुगर ताब्यात. माझी मान दुखते, ती दुखणारच.

आता पहिल्यापासून सांगते. भाऊबीजेला दादा आला तेव्हा त्याने आपलं जुनं स्विच चिऊला दिलं, आत फायनल फँटसी सहा घालून. पिक्सेल रीमास्टर, म्हणजे जुनाच खेळ नव्याने केलेली आवृत्ती. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी कुठली आवृत्ती सांगितली असती, हेच मनात घोळतंय. पहिल्यांदा जी हातात पडते तीच डोक्यात खरी होऊन बसते ना. आपल्या दोघींची निम्मी भांडणं त्यातूनच झाली.

दादाने जेल रोडवरून आणलेली ती सीडी आठव, स्केचपेनने नाव लिहिलेली. अमेरिकेत १९९४ साली निघालेला सुपर निन्टेन्डोचा खेळ, आणि पडद्यावर नाव 'फायनल फँटसी तीन'. मधले भाग तिकडे गेलेच नव्हते, म्हणून सहाचा तीन झाला होता. आपण मात्र त्याचा चौथा भाग मिळेल म्हणून प्रत्येक दुकानात विचारत होतो! तुझी सीडी तुझ्या मामाने मुंबईहून आणलेली. त्यात रेल्म या मुलीने 'स्केच'चा डाव मारला आणि तुझी पिशवी भलभलत्या वस्तूंनी भरून गेली. तू नाचत माझ्याकडे आलीस, गुप्तधन मिळालं म्हणून. दुसऱ्या दिवशी सेव्ह उघडेना, तर म्हणालीस सीडीला कुणीतरी नजर लावली, आणि माझ्याकडे बघितलंस. कॉलेजात गेल्यावर मला कळलं की अमेरिकेत खेळाचं जे पहिलं काडतूस निघालं, ज्याची नक्कल सीडीवर यायची, त्यातच तो दोष होता आणि पुढच्या छपाईत तो काढून टाकला. तुझ्याकडे पहिलं, माझ्याकडे सुधारलेलं. तेव्हा "आपल्या सीड्या वेगळ्या आहेत" हे तुझं पालुपद खरंच होतं. पण तेवढ्यापुरतंच. सिडच्या बाबतीत दोन्ही सीड्या सारख्या होत्या. मासे वेगळे होते.

त्याच्याकडे येतेच. आधी चिऊचं सांगते, कारण बेटापर्यंत ती इतकी रमली होती की मला आपण आठवत होतो.

दादाने जाताना तिला अनुभवाचे गुण चौपट करणं आणि वाटेतल्या लढाया बंद करणं दाखवून ठेवलं होतं. २०२३ मध्ये स्विचवर आली तेव्हा ही सोय आली. ते मी पहिल्याच दिवशी बंद करायला लावलं. झोझो गावाच्या गल्ल्यांतून मार खात वर चढल्याशिवाय हरवलेली टेरा सापडली तर तिचं काय अप्रूप? चिऊ चिडली, मग तिलाच गोडी लागली. भुताच्या आगगाडीला सेबिनने उचलून आपटलं तेव्हा ती किंचाळली आणि बाबा काठी टेकत बघायला आले. "अख्खी गाडी उचलली? मीटरगेज असेल." रेल्वेत जन्म गेला त्यांचा, त्यांना पटेचना. तुला माहीत आहे का, ही आवृत्ती प्रथम निघाली तेव्हा त्यात गाडी उलटी होतच नव्हती. लोकांनी ओरडा केल्यावर दुरुस्त केली. लोकांनी बरोबर केलं. ते दृश्य तसंच हवं.

आणि सेलेसचा ऑपेरा. शिल्पे, आता त्यात खरी माणसं गातात. सात भाषांत रेकॉर्ड केलंय, मूळ संगीतकार उएमात्सुंच्या देखरेखीखाली. आपल्या वेळी खेळाची आवाजाची चिप एक सूर काढायची, धड गळा नाही, धड वाद्य नाही, आणि आपण शब्द वाचत आपल्या मनाने गायचो. आई तेव्हा स्वयंपाकघरातून ओरडायची, तो भोंगा बंद करा. परवा तीच आई हातातली वात तशीच धरून बाहेर आली आणि शेवटपर्यंत उभी राहिली. "कोण गं ही? तयारीची आहे." मी काय सांगणार? मला रडू येत होतं. सुंदर आहे ते, फार सुंदर आहे. तरी माझी सेलेस त्या चिपमधलीच. तिच्या गळ्यात मी माझा आवाज घातला होता, तो आता या बाईच्या आवाजाखाली दबला जाईल, ही भीती वाटली. तू म्हणशील हीच बया ॲडव्हान्सच्या आवाजाला नावं ठेवत होती. ठेवत होते आणि ठेवणार. २००७ साली इंग्रजीत आलेल्या त्या गेमबॉयच्या आवृत्तीत तुला ड्रॅगन्स डेन हे जादाचं भुयार मिळालं, लेव्हायथन आणि गिल्गमेश हे नवे मदतनीस मिळाले, सगळं मान्य. पण सूर पातळ झाला आणि रंग उडाल्यासारखे फिके पडले. नव्या आवृत्तीत ड्रॅगन्स डेन नाही, हे कळल्यावर तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसतंय.

एका गोष्टीसाठी मात्र त्या ॲडव्हान्सला मी मानते. तू तासन्‌तास बसून कुणाला कुठली ढाल द्यायची ते ठरवायचीस ना, वार चुकवण्याचा आकडा बघून? जुन्या खेळात तो आकडा कशालाच लागत नव्हता! मंत्र अडवण्याचा जो आकडा होता, तोच तलवारीच्या वारालाही धरला जायचा. तुझी सगळी वही फुकट गेली. ॲडव्हान्सने ते दुरुस्त केलं. आणि शत्रूला आधी अदृश्य करून मग मृत्यूचा मंत्र टाकायची माझी युक्तीही त्यांनीच बंद केली, ज्याला तू चीटिंग म्हणायचीस. फिटंफाट.

प्लेस्टेशनच्या आवृत्तीबद्दल बोलायलाच नको. सुरुवातीची फिल्म सुरेख, पण प्रत्येक लढाईआधी ते थांबणं. तालच मोडतो. आणि २०१४ ची फोनवरची आवृत्ती, जिच्यात सगळ्यांचे प्लास्टिकच्या बाहुल्यांसारखे गुळगुळीत चेहरे केले होते, ती पुढे विक्रीतूनच काढली. कुणाला वाईट वाटल्याचं ऐकलं नाही. आता काझुको शिबुयांनीच ती माणसं पुन्हा ठिपक्याठिपक्याने काढलीत, मूळच्या खेळांत त्यांनीच काढली होती तशी. सेलेसचा चेहरा बघितलास की ओळखशील.

तर बेट.

जग मोडून एक वर्ष झालंय, सेलेस जागी होते, सिड सांगतो की आणखी माणसं होती ती एकेक करून गेली. तो उपाशी आहे, तिने मासे धरून त्याला खाऊ घालायचे. ती त्याला आजोबा म्हणते. मग तो उत्तरेकडच्या कड्याबद्दल सांगतो. आपल्या वेळचं इंग्रजी टेड वूल्सींनी महिनाभरात उरकलेलं, वर निन्टेन्डोचे नियम: दारूच्या गुत्त्याचं कॅफे करा, पवित्र मंत्राला मोती म्हणा, मरणाचं नाव काढू नका. म्हणून आपल्या खेळात सिड असं सांगतो, की इथली माणसं उदास झाली की त्या कड्यावरून उडी घ्यायची आणि त्यांना हुशारी यायची. आठवीतल्या आपल्या इंग्रजीला ते पोहायला जाण्याइतकं साधं वाटलं. आपण मजेत पुढे गेलो. ॲडव्हान्सच्या वेळी टॉम स्लॅटरींनी ते नव्याने लिहिलं, तेव्हा ती साखर काढून टाकली. पिक्सेल रीमास्टरमध्ये त्यांचाच मजकूर थोड्याफार फरकाने आहे. आणि चिऊचं इंग्रजी आपल्यासारखं नाही.

मी गराडू चिरत होते. ती आली, स्विच हातात तसंच उघडं. "आई, इथली माणसं उडी का मारत होती?" मी सांगायला तोंड उघडतेय तोवर आतल्या खोलीत बाबांना ढास लागली, लांबलचक, नेहमीची. ती दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्याला मासेच का द्यायचे? मुगाची खिचडी का नाही देता येत?" आणि बटण दाबून बंद केलं. त्या रात्री ती बाबांच्या खोलीत गादी टाकून झोपली. तेव्हापासून तिथेच झोपते.

मी तिला एवढं सांगितलं की खेळ बंद आहे तोवर सिडला काही होत नाही, त्याचं घड्याळही थांबलेलं असतं. वाटलं, धीर येईल. तिने ते अगदी मनावर घेतलं. आता उघडायचंच नाही म्हणते. तिच्या हिशेबाने तो असाच जिवंत राहील.

वूल्सींची आवृत्ती दिली असती तर ती आपल्यासारखीच पुढे गेली असती. पण ते मला आता नकोही वाटतं. पुढे कॉलेजात खरा अर्थ कळला, तेव्हा कुणीतरी आपल्याला फसवल्यासारखं वाटलं होतं, तुलाही वाटलं होतं. नवा मजकूर खरं बोलतो. माझी मुलगी खरं वाचून घाबरली, याचा मला राग येत नाही. मला काळजी दुसरीच आहे.

सिडचं जगणं-मरणं खेळणाऱ्याच्या हातात ठेवलंय. सुळसुळ पळणारा मासा दिला तर तो सुधारतो, मंद पडलेला दिला तर खंगतो, आणि हे आधी कुणी सांगत नाही. तू वाचवलंस त्याला, त्याने तुला तराफा दाखवला. माझा गेला. मी कड्यावर गेले, खाली वाळूत शुद्धीवर आले, आणि तो पक्षी पाहिला, हरवलेल्या साथीदाराचं, लॉकचं फडकं बांधलेला. तू तो कधी पाहिलाच नव्हतास, म्हणून मी थापा मारते म्हणालीस. सगळा गणेशोत्सव आपण बोललो नाही. ते ठीक. पण शाळेच्या जिन्यात, सगळ्यांसमोर, तू म्हणालीस, "तूच मारलंस त्याला." आपण मोठ्या झालो, तू माझ्या बाळंतपणात रात्र-रात्र जागलीस, तुझ्यावर माझा कसला राग असणार? तरी ते वाक्य गेलेलं नाही. आणि आज आतल्या खोलीत एक खरा म्हातारा माणूस खोकतोय, उशाशी माझी मुलगी झोपलीय. तिच्या हातून सिड गेला आणि नंतर कुठे तिने वाचलं की मासे बदलले असते तर वाचला असता, तर?

आणि युक्ती आधीच सांगून टाकली तर तो पक्षी जातो. साऱ्या खेळात माझ्यासाठी तो सगळ्यात मोठा क्षण आहे. कुणाशी लढाई नाही, गुण नाहीत, जग संपलेलं असताना एकटी बाई आणि कुणीतरी अजून जिवंत आहे एवढी एकच खूण. तो मी तिच्यापासून हिरावून घेऊ? रोज रात्री हेच.

तुझ्या नव्या घराचे फोटो बघितले, अलकापुरीत एवढा मोठा ओटा म्हणजे चैन आहे. सासूबाईंचा गुडघा कसा आहे? फिजिओथेरपी सोडू देऊ नकोस त्यांना. पिंटूच्या बोर्डाच्या परीक्षेला चिऊकडून आणि आईकडून आशीर्वाद, दोघी तेवढ्याच गंभीरपणे देतायत. डिसेंबरात येणार असशील तर तिकीट आत्ताच काढ.

आता ऐक. चिऊ तुला फोन करणार आहे. शिल्पा मावशीने सिडला वाचवलं होतं, हे तिला आईने सांगून ठेवलंय. मी असं ठरवलंय: तू तिला उत्तर सांगायचं नाहीस, पण सगळे मासे सारखे नसतात, पाण्यात ते कसे पोहतात ते नीट बघ, एवढं सांग. बघायची तिची तयारी झाली तर बाकीचं तिचं ती ओळखेल. आणि तो गेलाच, तरी तिने बघून, जीव लावून दिलेलं असेल. वाचला, तर पक्षी मी तिला माझ्या जुन्या लॅपटॉपवरच्या सेव्हमधून दाखवेन, चिपच्या आवाजासकट. तुलाही दाखवेन, म्हणजे थापा मारत नव्हते हे एकदाचं कळेल.

फक्त एक कर. काहीही झालं तरी जिन्यातलं ते वाक्य तुझ्या तोंडून तिच्या कानावर पडता कामा नये, गमतीतसुद्धा. तू गमतीत बोलतेस हे मला कळतं. तिला अजून कळत नाही.

तुझी,
मंजू