टर्फ अंथरण्याआधी पाणी मोजा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

एखाद्या जुन्या हॉकी क्लबाची शताब्दी आली की त्यावरच्या लेखांत दोन गोष्टी हमखास असतात : काचेच्या कपाटातल्या ढाली आणि ‘क्लबाला टर्फ हवे’ ही मागणी. मागणी रास्तच आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम मैदानावर गेली, आणि केवळ गवतावर घडलेला खेळाडू तिथे सुरुवातीला नुसता चेंडूमागे पळत राहतो. पण टर्फ कोणत्या जातीचे, हे फारसे कोणी विचारत नाही. क्लब पुढे गोत्यात येतात ते तिथेच.

हॉकीच्या टर्फच्या ढोबळ तीन जाती. पहिल्या जातीत धागा लांब असतो आणि जवळजवळ टोकापर्यंत वाळू भरलेली असते. दुसरीत वाळू कमी, धाग्याची टोके वर मोकळी. चेंडू वाळूवरून नव्हे, धाग्यावरून पळतो. तिसरीत वाळू अजिबात नाही. धागा आखूड आणि दाट असतो, आणि घर्षण कमी करण्याचे काम पाणी करते. दूरचित्रवाणीवर दिसते ती तिसरी जात, आणि दूरचित्रवाणी तर प्रत्येक कार्यकारिणी पाहते!

आता हिशेब. खेळाचे मैदान ९१.४० बाय ५५ मीटर. भोवतीची मोकळी पट्टी धरून १०१.४ बाय ६३ मीटर, म्हणजे सुमारे ६,४०० चौरस मीटर. एवढ्या जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ६,४०० लिटर. नीट भिजवायला तीन मिलिमीटर धरले तर एका वेळेला १९ हजार लिटर. सामन्याआधी एकदा आणि मध्यंतरात एकदा, म्हणजे ३८ हजार. एका दिवशी तीन सामने असतील तर लाखाच्या वर. शिवाय मध्यंतर फार तर दहा मिनिटांचे. आठ मिनिटांत १९ हजार लिटर फेकायचे तर पंपाने सेकंदाला ४० लिटर द्यायला हवेत. नळाच्या जोडणीचे हे काम नाही. वेगळी टाकी, वेगळा पंप, जाड वाहिन्या आणि मैदानाबाहेर उभे राहणारे लांब पल्ल्याचे फवारे, असा सगळा संसार लागतो. पाणी जड असेल तर क्षार धाग्यात बसतात आणि फवाऱ्यांची तोंडे बुजतात, ते निराळेच.

पाणी परवडत नाही म्हणून हे टर्फ कोरडे खेळवले तर काय होते? चेंडू अडखळतो, उसळतो. बूट जागीच पकडतो, शरीर वळते आणि पाय वळत नाही. त्याचा ताण गुडघ्यावर आणि घोट्यावर येतो. पडलेल्याची कातडी सोलवटते. धागाही लवकर झिजतो. थोडक्यात, सर्वांत महाग टर्फ घेऊन सर्वांत वाईट खेळ मिळतो. पॅरिस ऑलिंपिकचे टर्फसुद्धा आधीच्यांपेक्षा कमी पाण्यावर चालेल असेच बनवले होते. मग शनिवार-रविवारी साखळी सामने खेळणाऱ्या क्लबाने उलट्या दिशेने का जावे?

अशा क्लबाला दुसरी जात पुरते. मात्र ‘वाळू टाकली की विसरा’ हा समज मोडीत काढायला हवा. वाळू जागेवर राहत नाही. गोलच्या तोंडाशी, डीच्या (गोलसमोरच्या अर्धगोल रेषेच्या) माथ्यावर आणि पेनल्टी कॉर्नर जिथून ढकलतात त्या, गोलखांबापासून दहा मीटरच्या खुणेपाशी ती पायांनी उडते आणि कडेला साचते. तिथला धागा उघडा पडून आडवा होतो आणि मग तुटतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी ओढता ब्रश फिरवायचा, दर वेळी दिशा बदलून, आणि या तीन ठिकाणी हाताने वाळू भरायची. वाळू गोल दाण्याची, धुतलेली सिलिकाच हवी. बांधकामाची धारदार वाळू धागा कापते आणि तिच्यातली माती निचरा बंद करते. झाडाची पाने त्याच दिवशी उचलावीत. कुजली की वाळूत मिसळतात आणि सावलीच्या बाजूला शेवाळ धरते. सांधा उकलला तर बोटभर असतानाच चिकटवावा. हातभर झाल्यावर त्यात स्टिक अडकते.

खालच्या थरावर काटकसर करू नये. खडीचा पाया, त्यावर डांबराचा पाणी झिरपणारा थर, मग धक्का शोषणारा पॅड आणि सर्वांत वर टर्फ. वरचा गालिचा साधारण आठ-दहा वर्षांत बदलावा लागतो. पाया आणि पॅड चांगले असतील तर ते पुन्हा वापरता येतात. पाया खचला की पाणी साचते आणि गालिचा नवा असून उपयोग नसतो. बदलीसाठीची रक्कम पहिल्याच वर्षापासून बाजूला काढायला हवी. उद्घाटनाच्या फोटोत ती दिसत नाही, म्हणून ती काढलीही जात नाही.

वाळूच्या टर्फवर साहित्याची झीज जास्त. गोलरक्षकाच्या किकरचे, म्हणजे बुटांवर चढवायच्या जाड संरक्षक आवरणाचे, तळाचे पट्टे आधी जातात. जादा पट्टे ठेवावेत. स्टिकच्या डोक्याची खालची कड घासते, म्हणून खेळाडू टेप गुंडाळतात. टेप धरूनही स्टिक ५१ मिलिमीटरच्या कड्यातून गेली पाहिजे, हे पंचाने तपासल्यावर कळण्यापेक्षा सरावातच पाहिलेले बरे.

आणि गवताचे मैदान मोडू नका. खड्ड्यावर उसळलेला चेंडू अडवताना हात सैल ठेवायची सवय लागते. ती गुळगुळीत मैदानावर लागत नाही. लहान मुलांचा अर्धा सराव तिथेच व्हावा. मोठ्यांनी मात्र दोन दिवस गवत, दोन दिवस टर्फ अशी सरमिसळ बूट न बदलता करू नये. टर्फवर कमरेत अधिक वाकावे लागते, स्टिक आडवी टेकवून चेंडू घ्यावा लागतो. पाठ आणि मांडीचा मागचा स्नायू आधी तक्रार करतो. गवतावर रोलर फिरवायचा तो जमीन ओलसर असताना. चिखलात फिरवला तर माती घट्ट बसून गवत मरते. कोरड्यात फिरवून काहीच होत नाही.

त्या गवतावरच्या गोलांना ४६० मिलिमीटर उंचीच्या फळ्याही बसवाव्यात. पेनल्टी कॉर्नरवर गोलाकडे मारलेला पहिला फटका हिट, म्हणजे स्टिक झुलवून मारलेला, असेल तर तो त्या उंचीच्या आतच गोलरेषा ओलांडायला हवा. ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन फेकण्याला, ही मर्यादा नाही. फळी नसेल तर मुले अंदाजाने मारतात, पंच अंदाजाने गोल देतो आणि हा फरक मुलांना थेट स्पर्धेत गेल्यावर कळतो.

आपला,
हॉकी मैदानांच्या देखभालीतील एक वाचक