सूचना : राहिलेली दहावी-बारावी पूर्ण करण्याबाबत

बचत गटाच्या सर्व ताईंना नमस्कार,

मागच्या बैठकीत एका ताईंनी पदरातून शाळा सोडल्याचा दाखला काढला. घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टी लावून जपलेला. "आता या वयात कोण बसू देणार?" असं त्यांनी विचारलं, म्हणून हे लिहिते आहे.

बसू देतात. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. त्यासाठी किमान पाचवी पास असावं लागतं. बारावीसाठी अर्थातच दहावी पास हवी.

दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा. घरकाम, शेती सांभाळणाऱ्यांना मला हाच जास्त सोयीचा वाटतो. वयाची वरची अट नाही. पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते, त्यामुळे विषय एकेक करून सोडवता येतात. दहावीला मराठी माध्यमही आहे. पूर्वी बोर्डाच्या परीक्षेत पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण धरले जातात, तेव्हा जुनी गुणपत्रिका टाकून देऊ नका.

फॉर्मची मुदत आणि फी अधिकृत संकेतस्थळावरच पाहावी, एजंटला पैसे देऊ नयेत. पुढच्या बैठकीला दाखला, आधार कार्ड आणि फोटो घेऊन या. फॉर्म एकत्र बसून भरू.

– सचिव