एकच नदी, डीपीडीसीत दोन पानांवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पालकमंत्र्यांच्या प्रयत्नांतून निधी मंजूर’ असे फलक चौकाचौकांत दिसतात. मी एके काळी नगरपरिषदेतून जिल्हा नियोजन समितीवर (लोकांच्या तोंडी अजून डीपीडीसीच) निवडून गेलो होतो, म्हणून थोडे लिहितो. निधी मंत्र्यांच्या खिशातला नसतो, हे सगळे जाणतात. पण तो मंजूर करणारी ही समितीही त्यांची नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम २४३ झेडडीनुसार तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचे असतात. गाव-शहरांच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात. सगळ्यांचे आराखडे जुळवून जिल्ह्याचा एकच आराखडा करायचा आणि त्यात पाण्याच्या वाटणीचाही विचार करायचा, हे घटनेतच आहे.

प्रत्यक्षात बैठकीचे टिपण आदल्या रात्री हाती पडायचे. आडव्या कागदांवर बारीक रकाने: लेखाशीर्ष, मंजूर नियतव्यय, वितरित निधी, खर्च. सभागृहात बसले, की प्रत्येकाचे बोट कामांच्या यादीत आपल्या गावाच्या ओळीवर जाऊन थांबे. माझेही.

आमच्या शहराचा नाला नदीला मिळतो, तिथून खाली जेमतेम दोन किलोमीटरवर एका गावाच्या पाणीयोजनेची जॅकवेल, म्हणजे नदीतून पाणी उचलायची विहीर, आहे. आम्ही गटारीसाठी पैसे मागितले, गावाने फिल्टरसाठी. दोन्ही कामे एकाच बैठकीत, वेगवेगळ्या पानांवर मंजूर झाली. नाल्याचे पाणी नदीत जाण्याआधी शुद्ध करायचे काम मात्र कुणाच्याच यादीत नव्हते. मी उठून विचारले, तर उत्तर मिळाले, ‘हा विषय आज पटलावर नाही.’ तेवढ्यात वडा-चहा आला.

दोष एकट्या अधिकाऱ्यांचा नाही. राज्याच्या १९९८च्या कायद्याने अध्यक्षपद मंत्र्यांकडे आणि सचिवपद जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले. दोघांपैकी कुणालाच आम्ही निवडलेले नसते. मग निवडून गेलेला सदस्यही हात जोडून उभा राहतो, दोन गावांचे एकत्र काम मागण्यापेक्षा आपल्या वॉर्डातला रस्ता पदरात पाडून घेतो. २०२२पासून बहुतेक ठिकाणी प्रशासक आले, तेव्हा तर आमच्या खुर्च्याच रिकाम्या पडल्या. तरी आराखडे मंजूर होत राहिले, मार्चअखेरची धावपळ तशीच चालू राहिली. आमच्यावाचून कुणाचे काही अडले नाही, हे मला जास्त लागते.

डिसेंबर २०२५च्या निवडणुकांनंतर नगरपरिषदांत पुन्हा लोकांनी निवडलेली माणसे बसली आहेत. त्यांच्यापैकी जे समितीवर जातील त्यांनी टिपण आठ दिवस आधी मागावे आणि खालच्या गावच्या सरपंचांशी बैठकीआधीच बोलून घ्यावे. ‘विषय पटलावर नाही’ असे कुणी म्हणाले, तर तेवढे तरी इतिवृत्तात लिहून घ्यावे. मी तेव्हा घेतले नव्हते.

आपला,
एक माजी नगरसेवक