वकिलाच्या फोनमध्ये अशिलांची गुपितं असतात

संपादक महोदय,

मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करण्यात माझी उभी हयात गेली. फोन टॅप करायला गृहसचिवांचा आदेश हवा, त्याची मुदत दोन महिने आणि वाढवली तरी एकूण सहा महिने, असं बंधन सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घातलं. शिवाय टॅपिंगमध्ये फार तर बोलणं ऐकू येई. पेगॅसससारखं स्पायवेअर, म्हणजे चोरून पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर, फोनमध्ये शिरलं की मेसेज, फोटो, माइक, कॅमेरा सगळंच त्याच्या ताब्यात जातं.

माझी मुलगी उच्च न्यायालयात वकिली करते. परवा जेवताना तिच्या फोनवर अपडेटची सूचना आली आणि तिने न बघताच ती बाजूला सारली. विचारलं, तर म्हणाली, "बाबा, तीन आठवडे झाले येतेय. फोनमध्ये जागाच नाही." जागा कशाने भरली होती? अशिलांची आधार कार्डं, प्रतिज्ञापत्रं, आणि एका बाईच्या पाठीवरच्या वळांचे फोटो. नवऱ्याविरुद्धच्या केससाठी तिने विश्वासाने पाठवलेले. ते पाहिल्यावर मला घास गिळवेना.

२०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपमधल्या एका त्रुटीतून नुसता कॉल करून पेगॅसस फोनमध्ये घुसवलं गेलं, कॉल उचलायचीही गरज नव्हती. जगभरात सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केलं होतं, त्यात आपल्याकडचे वकील, पत्रकार, कार्यकर्ते होते. अनोळखी लिंक उघडू नका, हा सल्ला अशा वेळी अपुरा पडतो. अगदी नव्या त्रुटीपुढे अपडेटही हतबल असतं, हे मान्य. पण कंपनीने अपडेटमधून ती बुजवल्यानंतरही आपण दार उघडं ठेवायचं?

त्या रात्री आम्ही दोघांनी बसून फोटो पेन ड्राइव्हवर घेतले, पेन ड्राइव्हला पासवर्ड घातला आणि अपडेट केलं. तिचा आयफोन असल्याने सेटिंग्जमध्ये 'लॉकडाउन मोड' ही जादा सुरक्षेची सोयही चालू केली. २०२२ पासून ती आहे, पण तिच्या ओळखीतल्या एकाही वकिलाला माहीत नव्हती. त्यात मेसेजमधून येणाऱ्या बऱ्याचशा फाइली अडवल्या जातात. काही वेबसाइट नीट उघडत नाहीत, पण हव्या त्या साइटला सूट देता येते. अँड्रॉइड १६ मध्येही अशाच जादा सुरक्षेसाठी 'अ‍ॅडव्हान्स्ड प्रोटेक्शन' आलं आहे. आता ती रोज फोन बंद करून चालू करते, कारण काही स्पायवेअर रीस्टार्टनंतर टिकत नाही.

आणि एक. फोन हॅक झाल्याची शंका आली तर घाबरून फॉरमॅट मारू नका, त्याने पुरावा पुसला जातो. पेगॅससने पाळत ठेवल्याच्या आरोपांची चौकशी करताना सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले. पाचांत मालवेअर सापडलं, पण ते पेगॅससच होतं असं ठामपणे सांगता आलं नाही. इतकी ही तपासणी अवघड आहे.

मुंबईतल्या वकील संघटनांना माझी कळकळीची विनंती आहे, की बार रूममध्ये तासभर जाणकाराला बोलवा आणि प्रत्येकाचा फोन त्याच्या हातात असतानाच ही सेटिंग्ज करून घ्या. कारकून आणि ज्युनिअर वकिलांनाही बसवा. कागद आधी त्यांच्याच फोनवर येतात.

— एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी, गिरगाव, मुंबई