टँक इतक्यात विकू नकोस

कोल्हापूर, राजारामपुरी
६ जुलै २०२५

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, माशांचा टँक विकून टाकतो, आता बघावंसंच वाटत नाही." मी तेव्हा कुकर लावत होते, नीट बोलले नाही. रात्री तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू "बरं बरं" म्हणून मोकळा होतोस, पत्र तरी पुरं वाचशील.

कंटाळा आला यात तुझं काही चुकलं नाही. मलाही येऊन गेलाय, तोही दोनदा. पण तो का येतो ते मला उशिरा कळलं, आणि ते तुला आधीच कळावं असं वाटतं.

तू सातवीत असताना इथला हा दोन फुटी टँक आपल्या घरात आला. त्याआधी जत्रेतून काचेच्या वाडग्यात आणलेले दोन गोल्डफिश आठ दिवसांत गेले होते आणि तू दोन दिवस जेवला नव्हतास. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-दहा वर्षं जगतो, हे आपल्याला तेव्हा कुणी सांगितलं नाही. मग २०१८ मध्ये तू पुण्याला गेलास आणि टँक माझ्या गळ्यात आला. पहिल्याच महिन्यात मी घर आवरतात तसा तो आवरला. सगळं पाणी काढलं, वाळू घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला. मला वाटलं, तू सुट्टीला येशील तेव्हा खूश होशील. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. अकरांतले तीन राहिले. तुला फोनवर मी "म्हातारे झाले होते" असं सांगितलं होतं. ते खरं नव्हतं.

का मेले, हे शोधताना मी या नादाला लागले. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पाण्यात अमोनिया उतरतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते मासे बऱ्यापैकी सोसतात, आणि आठवड्याला पाव टँक पाणी बदललं की ते आटोक्यात राहतं. हे जिवाणू स्पंजमध्ये आणि वाळूत वस्तीला असतात. नव्या टँकमध्ये त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी नळाखाली धरून, क्लोरीनच्या पाण्याने, ती सगळी धुऊन टाकली होती. ज्या दिवशी मला हे समजलं, त्या दिवशी वाटलं, अरे, हे तर विरजण! पातेलं स्वच्छ करायच्या भरात मी घरातलं विरजणच ओतून दिलं होतं. तेव्हापासून स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात नुसता पिळून घेते.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. तुला बातम्यांतून दिसला तो पंचगंगेचा पूर. आपल्या भागात पाणी शिरलं नाही, पण नदीकाठची उपसा केंद्रंच बुडाल्यामुळे नळ कोरडे पडले. शहराचा बराच भाग पाण्यात आणि आम्ही टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभे. माशांचं पाणी बदलायचं कुठून? वीजही ये-जा करत होती. मी खाद्य बंद केलं, कारण पोटात गेलं नाही तर घाणही कमी होते आणि धडधाकट मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. वीज गेली की दर तासाला टँकमधलंच पाणी तांब्याने काढून वरून धार धरायचे, हवा मिसळावी म्हणून. बाबा रात्री दोनला उठून माझी पाळी घ्यायचे. एकही मासा गेला नाही. त्या आठवड्यात मला कंटाळा शिवलासुद्धा नाही. ते मासे आपल्यावर अवलंबून आहेत हे मला तेव्हा आतून कळलं.

मग खरा कंटाळा आला तो २०२१ मध्ये. सगळं सुरळीत होतं, म्हणूनच आला. मी दुकानात गेले की एक नवीन जोडी आणायची. गप्पी, मॉली, टेट्रा, फायटर, छोटा शार्क. आणल्यावर चार दिवस कौतुक, मग पुन्हा पुढच्या जोडीचा विचार. टँकमध्ये गर्दी झाली, काचेवर शेवाळ चढलं, आणि मला तिथे फक्त काम दिसायला लागलं. तुझ्या पुण्यातल्या तीन फुटी टँकमध्ये आत्ता किती जाती आहेत, मोजून बघ. मागच्या वेळी मी मोजल्या तेव्हा नऊ होत्या. नऊ जाती असल्या की एकीचीही नीट ओळख होत नाही रे.

मी तेव्हा बहुतेक मासे दुकानात परत दिले आणि एंजल माशांची एक जोडी ठेवली. तुला लॉकडाऊनमध्ये आणलेली पिल्लं आठवतात ना, त्यातलीच दोन, एव्हाना मोठी झालेली. त्यांनी फिल्टरच्या नळीवर अंडी घातली. सकाळी उठून बघते तर नळी रिकामी, दोघांनी खाऊन टाकलेली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. मी रडकुंडीला आले होते. चौथ्या वेळी रात्री खोलीत एक बारीक दिवा चालू ठेवला, कारण अचानक अंधार झाला की ते बिथरतात असं मला वाटत होतं. या वेळी अंडी राहिली. दोघं पाळीपाळीने कल्ल्यांजवळच्या परांनी अंड्यांना वारा घालत होती, आणि जी अंडी पांढरी पडून बुरसत होती ती एकेक करून काढत होती. साधारण अडीच दिवसांनी अंड्यांतून शेपट्या वळवळू लागल्या. पिल्लांच्या डोक्याला चिकट धागा असतो, त्याने ती नळीला लटकून असतात. एखादं सुटून खाली पडलं की आई नाहीतर बाप ते तोंडात घेऊन परत वर नेऊन चिकटवायचे. मी पोळ्या करायच्या राहून अर्धा अर्धा तास तिथे बसायचे. पाच-सहा दिवसांनी पिल्लं पोहायला लागली, तेव्हा मिठाच्या पाण्यात आर्टेमिया या कोळंबीसारख्या इवल्या जीवाची अंडी घालून, दिवसभराने फुटली की ते बारीक नारिंगी ठिपके पिल्लांना द्यायचे. दोनेकशे अंड्यांतली चौतीस जगली. तो टँक आणि तीच दोन माणसं (मी माणसंच म्हणते त्यांना), आणि मी दोन वर्षं नवीन काही विकत घेतलं नाही.

तेव्हापासून दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानापासून मी माशांचं लिहिते. कधी एकच ओळ असते: "आज नर कोपऱ्यात, खाल्लं नाही." पण दहा दिवसांच्या ओळी एकत्र वाचल्या की गोष्ट दिसते. तू वही कर, हे माझं मागणं आहे.

आता तुझ्या मिस केरळ माशांबद्दल. दोनच आणलेत आणि कोपऱ्यात लपून असतात म्हणतोस. तो मासा कळपाचा आहे, केरळ-कर्नाटकच्या डोंगराळ ओढ्यांतला, वाहत्या पाण्यातला. २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला नवीन नाव मिळालं, सह्याद्रिया. आपल्या डोंगराचं नाव असलेला मासा तुझ्या खोलीत आहे, हे मला वाचल्यावर किती बरं वाटलं सांगू! हौशी लोकांसाठी तो ओढ्यांतून इतका पकडला गेला की आता धोक्यात आलेल्या जातींत आहे, म्हणून आणखी घेताना टँकमध्ये वाढवलेलेच मिळतात का ते आधी विचार. तोवर फिल्टरचं तोंड लांबीच्या दिशेने फिरव, पाण्याला ओढ लागू दे. आणि टँक खिडकीच्या उन्हातून हलव, त्यांना फार गरम पाणी मानवत नाही.

मागच्या पावसाळ्यात मामाच्या गावी गेले होते, गगनबावड्याच्या बाजूला. पुलाखालच्या ओहोळात बोटभर मासे होते, सगळे एकाच दिशेला तोंड करून, प्रवाहाला छाती देऊन जागच्या जागी उभे. मी मामाला म्हटलं, हे तर आपल्या टँकमध्ये फिल्टरसमोर उभे राहतात तसेच! पाऊण तास बघत बसले. मामा छत्री धरून उभा होता, एक शब्द बोलला नाही. आता घरी बसल्या बसल्या मला तो ओढा दिसतो.

तुझ्या मित्राने सुचवलं तसं काचेला चिकटणाऱ्या त्या सकर माशाला मात्र तळ्यात सोडू नकोस. रंकाळ्यात नको, पाषाणला नको, कुठेच नको. तो दक्षिण अमेरिकेचा, फूटभर वाढणारा मासा. इथल्या पाण्यात रुजला की इथल्या माशांच्या पोटावर येतो. दुकानदाराला फुकट परत दे.

आणि रोज सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी दहा मिनिटं टँकसमोर बस. काच पुसू नको, जाळी घेऊ नको, नुसता बस. महिनाभर करून बघ. तरीही नको वाटलं तर मी स्वतः पुण्याला येऊन टँक घेऊन जाईन, विकू देणार नाही.

बाबा गुरुवारी सकाळच्या एसटीने येताहेत. त्यांच्याबरोबर एक डबा पाठवते. त्यात माझ्या फिल्टरमधला जुना स्पंज आहे, टँकच्याच पाण्यात भिजवलेला, आणि मूठभर जावा मॉस, ती पाण्यात वाढणारी वनस्पती. तुझा फिल्टर दोन आठवडे बंद होता म्हणतोस, तर त्यातली वस्ती गेलीच असणार. स्पंज काळपट आणि गिळगिळीत दिसेल, धुऊ नकोस. बाबा पोचतील त्याच दिवशी तुझ्या फिल्टरमध्ये तसाच बसव आणि पहिले पंधरा दिवस खाद्य निम्मं ठेव. पुण्याच्या नळाचं पाणी बादलीत भरून रात्रभर उघडं ठेव, मगच घाल. दुसऱ्या डब्यात चकली आहे, ती तुझी.

तुझी
आई