बॅकअप रोज परत उतरवून पाहा

महोदय,

‘बॅकअप यशस्वी’ असा संदेश रोज आला की संस्था निर्धास्त होतात. पण त्या संदेशातून फाइल लिहिली गेली एवढेच कळते. ती परत उघडेल की नाही, हे कळत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. डेटाबेसच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता आणि अपयशाचे ईमेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हते, हे तेव्हा उघड झाले. कामी आली ती चाचणी-सर्व्हरवर डेटा भरण्यासाठी सुमारे सहा तास आधी काढलेली प्रत!

रोज सगळा डेटा रिस्टोअर करणे, म्हणजे बॅकअपमधून परत उतरवणे, जमत नाही, हे खरे. १० टीबी डेटा १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून न्यायला कागदावरच २२ तास लागतात. म्हणून वेगळ्या स्टँडबाय (राखीव) मशीनवर एकदा पूर्ण रिस्टोअर करावा आणि पुढे रोज त्या दिवसाचा इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या भागाचा बॅकअप) तेवढा चढवावा. मात्र तो बॅकअपमधूनच घ्यावा. चालू सर्व्हरवरून थेट घेतला तर तपासणी होते ती रेप्लिकेशनची (चालू डेटाची लगोलग प्रत करण्याची), आणि चुकून पुसलेली नोंद स्टँडबायवरूनही लगेच पुसली जाते.

स्टँडबायवरच ॲप्लिकेशन सुरू करू नये. तिथल्या प्रतीत काही बदलले की पुढचा इन्क्रिमेंटल बसत नाही. झेडएफएस ही फाइल-प्रणाली तर तो सरळ नाकारते. स्नॅपशॉटचा (त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रतीचा) क्लोन, म्हणजे बदलता येणारी तात्पुरती प्रत, काढून त्यावर डेटाबेस सुरू करावा, सर्वांत ताज्या नोंदीची वेळ, मोठ्या टेबलांतील नोंदींची संख्या आणि काही फाइलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) तपासावेत, मग क्लोन काढून टाकावा. हे मशीन बाहेरच्या नेटवर्कपासून तोडलेले हवे, नाहीतर क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामे सुरू होऊन ग्राहकांना तेच ईमेल दुसऱ्यांदा जातात. एन्क्रिप्शनची किल्लीही स्वतंत्र ठेवलेल्या प्रतीतून घ्यावी. ती मूळ सर्व्हरवरच असेल, तर तो गेल्यावर बॅकअप उघडणार कसा?

या पद्धतीत एक धोका लपलेला आहे. एकदा उतरवलेले जुने ब्लॉक (डेटाचे तुकडे) बॅकअपमधून पुन्हा वाचले जात नाहीत. पहिल्या पूर्ण बॅकअपचा काही भाग डिस्कवर खराब झाला, तरी स्टँडबाय ठणठणीत दिसतो. म्हणून दर तिमाहीला स्टँडबाय कोरा करून पहिल्यापासून रिस्टोअर करावा, आणि लागलेला वेळ नोंदवावा. बिघाडानंतर सेवा किती तासांत सुरू होईल, असे व्यवस्थापनाने विचारले तर तोच आकडा सांगावा.